डावरी विरुद्ध प्रज्ञा

आषाढ लागला की माझा छापखाना झोपतो. लग्नाचे मुहूर्त संपतात, पत्रिकांचं मशीन थंड पडतं, शाईचे डबे झाकणं घट्ट लावून फळीवर जातात. वर्षभर कुणाचा ना कुणाचा शुभविवाह डोक्यावर बसलेला माझ्यासारखा माणूस दुपारी तीन वाजता एकदम मोकळा होतो. नेमकं त्याच दिवसांत तिकडं लंडनला गवतावरचं टेनिस सुरू होतं. पंधरा दिवस चालतं. आम्ही त्याला नुसतं 'गवत' म्हणायचो. "गवत कधीपासून?" असं मी गुलमंडीच्या भर बाजारात ओरडून विचारलं, की शेजारचे कापडवाले मला अजून मेंढपाळच समजायचे.

यंदाही गवत आलं. आभाळ चार दिवस भरून आहे, पण पडायचं नाव नाही. नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, म्हणून गल्लीभर ड्रमच ड्रम. कूलर अजून काढलेला नाही आणि त्याच्या ओल्या वाळ्याला आता कुबट वास यायला लागलाय. हातगाडीवर जांभळं आलीत. मी शटर अर्धं ओढून मोबाईलवर मॅच लावतो. तो इवलासा हिरवा तुकडा दिसतो, त्यावर दोन मुंग्या पळतात. दहा मिनिटं बघतो आणि बंद करतो. तीन वर्षं झाली, एक मॅच पूर्ण बघितलेली नाही. बघवत नाही, हे खरं कारण आहे. बाकी लोकांना मी डोळ्यांचं कारण सांगतो.

गवत पहिल्यांदा बघितलं ते माझ्या गावी, देवगाव रंगारीत, ग्रामपंचायतीच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर. आमच्या घरी मेंढरं. माझा बाप दिवसभर मेंढरांमागं फिरून आलेला, खांद्यावरची घोंगडीसुद्धा न उतरवता मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. पडद्यावर कपाळाला पट्टी बांधलेला एक केसाळ गडी पळत होता. बापानं पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "एवढं गवत, अन् चरायला एक शेरडू नाय! काय माणसं हायेत का कोण!" सगळं गाव हसलं. मला मात्र त्या पट्टीवाल्यानं धरलं ते धरलंच. तो हरला तरी चेहरा हलायचा नाही. आमच्या घरात कुणीही काहीही झालं की आधी ओरडायचं, त्यामुळं हा माणूस मला देवच वाटला. त्याचं ते गवत मला आजही राखाडीच आठवतं. हिरवं गवत मी पुढं शहरात येऊन बघितलं आणि थोडा नाराजच झालो.

शहरात मला प्रकाश भेटला. तो शेंद्र्याच्या एका कारखान्यात फिटर. स्वतःच्या लग्नाची पत्रिका छापायला आला होता, निळ्या कागदावर, वर बुद्धाची मूर्ती आणि खाली 'मंगल परिणय'. मजकूर देता देता त्याची नजर मशीनच्या वरच्या भिंतीवर गेली. तिथं मी पेपरातला पट्टीवाल्याचा फोटो खळीनं चिकटवला होता. प्रकाश म्हणाला, "हा ठीक होता. पण आत्ताचा पोरगा याला तीन सेटात गुंडाळंल." मी म्हणालो, "तुझी पत्रिका छापायची का नाय, ते आता मला ठरवावं लागंल." पत्रिका राहिली बाजूला, दोन तास आम्ही भांडलो. शेवटी वधूच्या वडिलांचं नाव चुकीचं छापलं आणि ते त्यानं हळदीच्या दिवशी पाहिलं. तरी मैत्री टिकली, यावरून समजा.

तिसरे रशीदभाई. माझ्या शेजारी त्यांचं बॅटरीचं दुकान. भारनियमनाच्या दिवसांत सामना ऐन रंगात आला की वीज जायची, तेव्हा रशीदभाई स्वतःच्या दुकानातली बॅटरी उचलून आणायचे. टेनिसचं त्यांना वेड नव्हतं, आमच्या भांडणाचं होतं. म्हणायचे, "तुम दोनों को देखने का मज़ा कुछ और है मियाँ, वो लोगां तो नुसते गेंद मारते."

खेळाडूंची खरी नावं आमच्यात घ्यायची नाहीत, असा रिवाजच पडला. ती परदेशी नावं, तिघांचे तीन उच्चार, आणि त्यावरच अर्धा तास जायचा. मग आम्ही आमची नावं ठेवली. माझा पट्टीवाला. प्रकाशचा रबऱ्या, कारण तो कुठूनही कुठंही वाकून चेंडू परत आणायचा. मातीवर जिंकणारा एकजण होता, समोरच्याला उन्हात राबवून राबवून मारणारा. त्याचं नाव मुकादम. आणि बायकांत एक जुनी, डाव्या हातानं खेळणारी, सर्व्हिस करून थेट जाळीवर येऊन उभी राहणारी. ती डावरी. डावरीसमोर आम्ही तिघंही हात जोडायचो.

आता या माणसांच्या मॅच एकमेकांशी कशा लावायच्या? पट्टीवाला रिटायर झाला तेव्हा रबऱ्या रांगतसुद्धा नसेल. पण भांडण मिटवायचं तर मॅच पाहिजे. मग आम्ही चिठ्ठ्या काढल्या. पत्रिका कापून उरलेल्या जाड कागदाच्या पट्ट्या माझ्याकडं गोणीनं असतात, कशावर अर्धा गणपती, कशावर सनईचं टोक. त्यावर आठ नावं लिहायची. ओट्यावर पितळी डब्यात टाकायची. एक मी काढायची, एक प्रकाशनं. जे नाव निघेल त्याचं वकीलपत्र आपल्याकडं. आवडो न आवडो, त्याची बाजू जीव तोडून मांडायची. दोघांच्या हातात रॅकेट एकच धरायची, ही रशीदभाईंची अट, नाहीतर प्रत्येक वाद रॅकेटच्या आकारावर येऊन थांबायचा. दोन्ही बाजू ऐकून निकाल रशीदभाईंनी द्यायचा. निकालावर अपील नाही. मी स्वतः एकदा रबऱ्याची बाजू घेऊन माझ्या पट्टीवाल्याला हरवलंय, आणि घरी जाऊन जेवलो नाही. बायको म्हणाली, "कोण गेलं?" काय सांगणार!

कशासाठी करायचो हे? मी पुष्कळ विचार केलाय, छापखाना रिकामा असला की विचारच होतो. मला वाटतं, पट्टीवाला हरला की मला माझी विशी हरल्यासारखं वाटायचं. ते गाव, ती घोंगडी, ते राखाडी गवत, सगळं आत्ताच्या चकचकीत पोरांपुढं कमी ठरायचं. प्रकाशचंही तसंच असेल. त्याची उमेद रबऱ्याच्या काळातली. त्यामुळं तो आजची बाजू घ्यायचा आणि मी कालची. आणि आम्ही बोलायचो ते किती निर्दय! "त्याच्यात दम नव्हता." "ती मोठ्या पॉइंटला घाबरायची." जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंबद्दल पडेगावातल्या एका ओट्यावर बसून, शेंगदाणे खात. आमचं धाडस एवढं, कारण त्यांतलं कुणी ऐकत नव्हतं. समुद्रापलीकडची माणसं, त्यांना पडेगाव काय आणि देवगाव काय!

ओटा प्रकाशचा. पडेगावला त्यानं दोन खोल्या बांधल्या, गिलावा राहिला तो राहिलाच. टीव्ही खिडकीत ओट्याकडं तोंड करून ठेवायचा. समोर कडुनिंब. बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर त्यानं मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून अर्धं कोर्ट केलं आणि चुन्याच्या रेघा मारल्या. लेकीसाठी. प्रज्ञा सात वर्षांची असताना त्यानं तिच्या हातात रॅकेट दिली. फोरहँड, बॅकहँड तो स्वतः टीव्हीवर बघून शिकला होता, हातात खराटा धरून. त्याची बायको, सुनंदावहिनी, म्हणायच्या, "अंगण झाडायला सांगितलं तर खराटा हातात घेत नाहीत, अन् टीव्हीसमोर बघा कसा फिरवतेत." रोज पहाटे साडेचारला उठून लेकीला स्कूटरवर शहरातल्या खऱ्या कोर्टावर न्यायचं, तिला शाळेत सोडायचं आणि मग जालना रोडनं शेंद्र्याला कामावर. दहा वर्षं. पावसाळ्यात दोघांच्या अंगावर एकच रेनकोट असायचा, पुढं बाप, मागं लेक त्यात शिरलेली.

पोरगी हुशार. जिल्ह्यात पहिली आली, विभागात आली. पेपरात चार ओळी आल्या तर मी कात्रण फ्रेम करून दिलं. कुणीही छापखान्यात आलं की सांगायचो, आमची प्रज्ञा टेनिस खेळते. 'आमची' हा शब्द तोंडात कसा गोड लागायचा!

तीन वर्षांपूर्वीच्या गवतात बायकांच्या फायनलचा शनिवार होता. संध्याकाळी साडेसहाला मॅच, म्हणून आम्ही पाचलाच जमलो. हवा कोंदलेली, निंबाचं पान हलत नव्हतं. सोमवारी पहाटे प्रज्ञाला पुण्याला जायचं होतं. मोठी स्पर्धा, त्यातून राज्याची टीम निवडणार होते. ती आत सामान भरत होती. मी चिठ्ठ्या लिहायला बसलो. सात नावं लिहिली आणि आठव्या पट्टीवर हौसेनं लिहिलं, प्रज्ञा.

रशीदभाईंनी चष्मा वर केला. "ये क्या किए?"

"अहो, आपली पोरगी पुण्याला चालली. बसू द्या की मोठ्यांच्या पंगतीला."

"नको मियाँ. बच्ची है. उसका नाम मत डालो."

"गंमत आहे हो रशीदभाई," मी म्हणालो आणि चिठ्ठी डब्यात टाकली. प्रकाशही हसला. कौतुकच होतं ते, दुसरं काही नव्हतं. इतक्या वेळा मी हे स्वतःला सांगितलंय.

पहिली चिठ्ठी प्रकाशनं काढली. डावरी. दुसरी मी काढली. प्रज्ञा.

आम्ही खो खो हसलो. बाप डावरीचा वकील आणि मी पोरीचा! मी म्हणालो, "प्रकाश, बदलून घे." तो म्हणाला, "नाय. नियम म्हणजे नियम. तुझ्या पट्टीवाल्याच्या वेळी आपण बदललं होतं का?" आणि मांडी घालून बोलायला लागला.

प्रकाश चांगला बोलायचाच, पण त्या दिवशी जसा बोलला तसा आधी कधी बोलला नव्हता. आधी डावरीची सर्व्हिस कशी बाहेर वळते ते सांगितलं. मग म्हणाला, "आता आपली पोरगी. हिचा बॅकहँड खांद्याच्या वर आला की मनगट सैल पडतं. डावरी पहिल्या गेममधेच ते हेरंल, मग सगळे चेंडू तिथंच. दुसरं, हिची पहिली सर्व्हिस चुकली की दुसरी ती नुसती टाकते. भीती वाटते तिला. चेंडू देवाला सोडल्यासारखा सोडते." रशीदभाई म्हणाले, "बस की भाई." पण प्रकाशला आता थांबता येत नव्हतं. त्यानं दहा वर्षं जे बघितलं होतं ते सगळं वर येत होतं. "अन् तिसरं म्हणजे सगळ्यात मोठं. ही पॉइंट हरली की माझ्याकडं बघते. दरवेळी. जी पोरगी कोर्टातून बाहेर बघते, तिला डावरी उभी चिरंल. तिथं बाप नसतो."

मग माझी पाळी आली. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. आतून कुकरची शिट्टी झाली. टीव्हीवर दोघी खेळाडू बोगद्यातून बाहेर येताना दाखवायला लागले आणि मला आवाज वाढवायचा होता. मी दोन्ही हात वर केले. म्हणालो, "मी काय बोलणार याच्यापुढं? सोडली मॅच. लावा टीव्ही!" पुन्हा हशा.

रशीदभाईंनी निकाल दिला, "सहा-शून्य, सहा-एक." मी विचारलं, "एक गेम कशाला?" ते म्हणाले, "बच्ची को एक तो देव."

दोन मिनिटांनी प्रज्ञा चहा घेऊन बाहेर आली. कप पुढं करत म्हणाली, "काका, साखर कमी झालीय का बघा." साखर बरोबर होती. तिनं ट्रे खाली ठेवला, चिठ्ठ्यांचा डबा उचलून कोपऱ्यात सरकवला आणि आत गेली. आम्ही फायनल बघितली. चांगली झाली असावी. कोण जिंकलं ते मला आज सांगता येणार नाही.

सोमवारी पहाटे प्रकाशनं स्टेशनवर जायला स्कूटर बाहेर काढली, किक मारली आणि वाट बघत बसला. ती आली नाही. आत गेला तर ती अंथरुणावर उठून बसलेली. म्हणाली, "पप्पा, गुडघा दुखतोय." गुडघा महिनाभर दुखला. डॉक्टरला त्यात काही सापडलं नाही. दिवाळीनंतर तिनं रॅकेट कव्हरमध्ये घालून पलंगाखाली सरकवली, आणि बारावीचा अभ्यास आहे म्हणाली. प्लॉटवर गवत उगवलं, खरं गवत. चुन्याच्या रेघा त्यात गेल्या. ती दाराच्या आत उभी राहून सगळं ऐकत होती, हे सुनंदावहिनींनी प्रकाशला कितीतरी दिवसांनी सांगितलं.

प्रकाशनं मला येऊन सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर तुटून पडलो. आता लाज वाटते, पण तुटून पडलो. "बाप हायेस का वकील? चिठ्ठी निघाली म्हणून काय पोटच्या पोरीला सोलायचं का?" तो मशीनच्या कडेला उभा होता. म्हणाला, "नियम आपलाच होता." मी म्हणालो, "चुलीत गेला नियम!" त्यानं एकदा भिंतीवरच्या पट्टीवाल्याकडं बघितलं आणि निघून गेला. त्यानंतर ओट्यावर गवत कधी भरलं नाही. रशीदभाईंचे गुडघे खरंच गेले, ते घरीच असतात. मी तीन वर्षं लोकांना सांगत राहिलो की आमचा प्रकाश माणूस सोन्यासारखा, पण खरं बोलायची खोड त्याला नडली. सांगताना मान हलवायचो. बरं वाटायचं.

यंदाच्या पहिल्या सोमवारी, गवत सुरू झालं त्या दुपारी, प्रकाश अचानक छापखान्यात आला. शटरखालून वाकून आत शिरला. किती वाळला होता! शर्टाच्या कॉलरमध्ये मान सैल हलत होती. मी स्टूल दिलं. बराच वेळ तो रिकाम्या मशीनवरून हात फिरवत राहिला. माझ्या मोबाईलवर मॅच चालू होती. त्यानं तिकडं बघितलं नाही.

"अरुण, एक काम हाये."

"बोल."

"पोरगी घरात बोलती माझ्याशी. नाय असं नाय. पप्पा जेवलात का, पप्पा बीपीची गोळी घेतली का. सगळं बोलती. टेनिस सोडून. मी कामावरून आलो अन् टीव्हीवर चुकून टेनिस लागलेलं असलं, तर ती उठून आत जाती. अरे, दहा वर्षं आम्ही दोघं एका रेनकोटात फिरलो. दुसरं बोलायला तरी काय होतं आमच्यात?"

मी मोबाईलवरची मॅच बंद केली.

"तू बोल तिच्याशी," तो म्हणाला. "तुझं ऐकती ती. तिला सांग, पप्पा चुकला. माझ्या तोंडून निघत नाय रे. लई वेळा ठरवलं. ताट वाढून समोर बसती, अन् नाय निघत."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, जातो, उद्याच जातो. त्याच्या पाठीवर हात ठेवला तर हाडं लागली. मनात म्हणालो, या माणसाला आपण सोडवायचं. पोरगी माफ करील. मी सांगितलं तर करील.

प्रज्ञा आता फार्मसीला आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. रात्रभर काय बोलायचं ते जुळवलं होतं. एखाद्या पत्रिकेचा मजकूर लावावा तसं, कोणती ओळ आधी, कोणती मग. ती पांढरा कोट हातावर टाकून बाहेर आली, मला बघून खरंच खूश झाली. "काका! तुम्ही इथं कसे?" उंच झालीय. चालते अजून तशीच, टाचा उचलून. आम्ही बाकावर बसलो. मी दोन चहा सांगितले.

आणि मी बोललो. आयुष्यात कुठल्याच चिठ्ठीसाठी एवढा बोललो नसेन. तिच्या बापाचं साडेचारचं उठणं सांगितलं. खराटा सांगितला. रोलर मिळाला नाही तेव्हा तो ड्रममध्ये वाळू भरून प्लॉटवर ओढत होता, तेही सांगितलं. म्हणालो, "तुझे एवढे दोष त्याला दिसले, कारण तुझा एकेक चेंडू त्यानं बघितलाय. जो माणूस जीव लावून बघतो त्यालाच दिसतं गं. बाकीच्यांना काय, नुसता स्कोअर दिसतो. बोलू नये ते बोलला, चुकला तो. पण त्याच्या बोलण्यात माया नव्हती असं म्हणू नको. तो तुझ्याविरुद्ध बोलत नव्हता, प्रज्ञा, त्याला तुझ्याशिवाय दुसरं काही बोलताच येत नाही." माझा मलाच हुंदका आला. टपरीवाल्यानं हळूच पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

प्रज्ञानं सगळं ऐकून घेतलं. चहावर साय धरली होती, ती बोटानं बाजूला करत होती.

"पप्पांनी पाठवलं?"

"व्हय."

"पप्पांवर माझा राग नाही, काका. कधीच नव्हता." तिचा आवाज शांत होता. "बॅकहँड, दुसरी सर्व्हिस, बाहेर बघणं. ते तर मला रोज स्कूटरवर जाताना सांगायचे. पाठ होतं मला. त्या दिवशी त्यांनी नवीन काहीच सांगितलं नाही."

"मग?"

"मग काय? मी कुकर बंद करायला चालले होते. पप्पांचं सुरू झालं, तेव्हा मी हसत होते दाराआड. म्हटलं, बोला, बोला, अजून काय राहिलं? आणि थांबले." तिनं कप खाली ठेवला. "कारण पुढची पाळी तुमची होती. माझी चिठ्ठी तुमच्याकडं होती ना काका?"

मी मान हलवली. हललीच असेल.

"मला चांगलं खेळता येतं का, ते मला माहीत नव्हतं. जिंकायचे, पण जिंकलं की पप्पा पुढचं सांगायचे. चांगलं काय ते कुणी सांगितलंच नव्हतं. म्हटलं, काका एवढ्या मोठमोठ्यांचं बोलतात, आता माझं बोलतील. काहीतरी असेल ना. परवा पुण्याला जायचंय, तेवढं ऐकून जाऊ." ती जरा हसली. "तुम्ही म्हणालात, सोडली मॅच."

रस्त्यावरून एक सिटीबस गेली. धूळ आमच्या चहावर बसली.

"आज पप्पांसाठी केवढं छान बोललात," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सोसला असता.

"अगं, गंमत होती ती," मी म्हणालो. "घाई झाली होती. मी बोललो असतो की. खूप बोललो असतो."

"काय बोलला असता?"

तिनं सहज विचारलं. आणि बाकावर माझ्याकडं तोंड करून बसली, पाय वर घेऊन, लहानपणी बसायची तशी. वीस वर्षांची पोरगी आणि डोळे सात वर्षांचे. मी तोंड उघडलं. फोरहँडपासून सुरुवात करावी म्हटलं. तिचा फोरहँड... तो वरून खाली यायचा की खालून वर? सर्व्हिसला चेंडू ती किती उंच फेकायची? जाळीवर यायची का? पट्टीवाल्यानं राखाडी गवतावर मारलेला एकेक फटका मी डोळे मिटून सांगू शकतो. डावरी कुठल्या पायावर वळायची ते सांगू शकतो. दहा वर्षं ही पोरगी आमच्या बाजूच्या प्लॉटवर, वीस पावलांवर खेळत होती, आणि दहा वर्षं माझी खुर्ची खिडकीतल्या टीव्हीकडं होती.

"सांगा ना, काका," प्रज्ञा म्हणाली.